मंडईच्या पिशवीतून स्पॅनिश

सदाशिव पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत दर शनिवारी दुसरी-तिसरीतली सात मुलं स्पॅनिश शिकायला येतात. पहिल्या वर्षी मी त्यांना इंग्रजीतून शिकवत होते. तो उद्योग तुम्ही करू नका. इंग्रजीच्या वळणाने जाणारं मूल ‘तेंगो’चं ‘टेंगो’ करतं आणि ‘मला आवडतं’ म्हणताना ‘आय लाइक’च्या चालीवर चुकीचं ‘यो गुस्तो’ करून बसतं. मराठीतून गेलात तर त आणि द तयारच असतात, आणि व्याकरणाचा मोठा डोंगर आपोआप खाली बसतो.

म्हणून पहिल्या तासाला पाटी-पुस्तक नको. मंडईतून पिशवी भरून आणा: बटाटा, टोमॅटो, मक्याचं कणीस, भुईमुगाच्या शेंगा, हिरव्या मिरच्या. सतरंजीवर ओता आणि विचारा, सहाशे वर्षांपूर्वी पुण्यात यातलं काय मिळायचं? उत्तर: काहीच नाही, सगळं अमेरिका खंडातून आलंय. (‘मग मिसळ कशी करायचे?’ हा प्रश्न येतोच. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.) टोमॅटो म्हणजे ‘तोमाते’, मूळ शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. बटाटा स्पेनमध्ये ‘पाताता’, पेरू देशात मात्र ‘पापा’. इथे पाच मिनिटं हशा धरून ठेवा.

मग एकेक वस्तू उचलून आवडी-निवडी. ‘मला आंबा आवडतो’ म्हणजे ‘मे गुस्ता एल मांगो’. ‘मला आंबे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आंबे वाढले की क्रियापद बदललं, अगदी आपल्यासारखं. नियम सांगू नका, मुलांना तो लहानपणापासून येतो. तीन शनिवार एवढंच चालू द्या. घाई पालकांना असते, मुलांना नाही.

लिंगांचंही तसंच. आपल्याकडे तीन, तिकडे नामांना दोनच, म्हणून मुलं खूशच होतात. फक्त चंद्राशी अडतं. ‘ला लूना’ स्त्रीलिंगी आहे म्हटल्यावर एकीने विचारलं, ‘मग चांदोमामाची मावशी झाली का?’ झाली म्हणावं आणि पुढे जावं. लिहिताना प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह येतं, ते पुणेकर मुलांना पटकन पटतं: प्रश्न येतोय, अशी पाटी आधीच लावलेली.

सणांपैकी दोनच घ्या, पण नीट घ्या. डिसेंबरात पिन्याता: मेक्सिकोत डोळे बांधून काठीने फोडतात, आतून गोळ्या-फळं पडतात. दहीहंडीची मुलं ती, शिकवावं लागत नाही. जुनी पिन्याता मातीच्या मडक्याची असे, म्हणून हौसेने मीही मडकं टांगलं आणि खापऱ्या थेट दिवाणाखाली. आता फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवून करते. दोन दिवस वाळू द्यावी, नाहीतर पहिल्याच फटक्याला लोळागोळा होतो.

दुसरा सणही मेक्सिकोतलाच, १ आणि २ नोव्हेंबरचा, गेलेल्या माणसांचा. एका आईचा फोन आला होता, ‘भुतंखेतं नकोत हं.’ त्यांना पितृपंधरवड्याची आठवण करून दिली. तिकडेही फोटो मांडतात, त्या माणसाच्या आवडीचं खायला ठेवतात, आणि फुलं कुठली? झेंडूची. झेंडू मूळचा तिकडचाच, नाव ‘सेम्पासूचिल’. तिकडे सजावटीत असतात तशा कागदी कवट्या मी करत नाही. टेबलावर फोटो, झेंडू आणि प्रत्येकाने घरून आणलेला एक पदार्थ, बस.

गेल्या वर्षी सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलाने वाटीभर भडंग आणलं. मी ‘आबुएलो’ म्हणजे आजोबा आणि ‘गुस्ताबा’ म्हणजे आवडायचं, एवढे दोन शब्द दिले, मधला ‘ले’ कानात सांगितला. तो फोटोकडे बघत म्हणाला, ‘आ मी आबुएलो ले गुस्ताबा एल भडंग.’