खेकडा मिक्सरला लावायचा तर सगळ्यात शेवटी लावा

पाऊस लागला की आमच्या कोल्हापुरात ओढ्याचे, बांधावरचे खेकडे घरात येतात आणि सर्दीवाल्या माणसाला रश्श्याची पहिली वाटी. प्या की, मी कुठं नको म्हणतोय. फक्त गोड्या पाण्यातल्या खेकड्यात पॅरागोनिमस नावाचा फुफ्फुसात जाणारा जंत असू शकतो, त्याची अळी आधी गोगलगायीत वाढते, मग खेकड्याच्या मांसात येऊन बसते आणि कच्चं पोटात गेलं की आपल्यात. भारतात जास्त केसेस मणिपूर, नागालँड, अरुणाचलकडच्या, पण म्हणून आपण निवांत राहावं असं काय नाही.

आता खरी चूक कुठं होते बघा. नांग्या आणि पाय कच्चेच मिक्सरला फिरवतो, गाळून रस पातेल्यात घालतो, तो उकळतो, पण भांडं, गाळणी, हात हे कच्चेच राहतात ना! आमच्या आत्यानं एकदा तेच भांडं नुसतं विसळून त्यात खोबऱ्याची चटणी फिरवली, म्हटलं आत्या हे काय, तर म्हणे धुतलंय की रे. चटणी काय कोण शिजवत नाही. तेव्हापासून आमच्यात नियम, चटणी, वाटण, कोशिंबीर सगळं आधी उरकायचं, खेकडा शेवटी, आणि मग भांडं, पाटा, सुरी साबण लावून गरम पाण्यानं धुवायची.

दुसरं म्हणजे रस तापला की फुटतो, गुठळ्या होतात, त्या भीतीनं बरेच जण उकळी यायच्या आतच गॅस बंद करतात. तसं नको. मंद आचेवर सारखं ढवळत उकळी आणा, मी तर उकळीनंतर दहा मिनिटं ठेवतोच. लिंबू पिळून, तिखट वाढवून किंवा दारूत बुडवून अळी मरेल याचा भरवसा नाही. खोकल्यावर औषध म्हणून कच्चा रस कोण देत असेल तर हात जोडा.



खेकडे खाल्ल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी खोकला लागून बेडक्यात रक्त दिसलं तर टीबीचीच शंका येते, तपासणी करायचीच, पण डॉक्टरांना खेकड्याचंही सांगा, कारण टीबीच्या गोळ्यांनी हा जंत जात नाही आणि शाळेत १० फेब्रुवारीला देतात त्या जंताच्या गोळीवर, म्हणजे अल्बेंडाझोलवरही भरवसा ठेवू नका, याला प्राझिक्वांटेल नावाचं औषध लागतं, ते डॉक्टरच वजन बघून देतील.