चोरबाजारातलं पदक: आधी कड बघा

शुक्रवारी भल्या सकाळी मटण स्ट्रीटवर पथाऱ्या लागतात. त्यात किल्ल्या, चष्मे, घड्याळाच्या तबकड्या आणि गंजक्या डब्यात पाच-पंचवीस पदकं असतातच. उचललं की सगळे आधी चेहरा बघतात. विकणाराही तोच पुढे करतो: "रानी का है सेठ, असली चांदी." माझी अर्धी हयात झवेरी बाजारात पेढीवर गेली, म्हणून सांगतो, राणीला जरा बाजूला ठेवा आणि कड बघा.

पदक दोन बोटांत उभं धरून मोबाईलच्या टॉर्चखाली सावकाश फिरवा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला बहुधा सांध्याची रेघ असते, नाहीतर ती लपवायला मारलेल्या कानशीचे ओरखडे. अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं, अक्षरं विरघळल्यासारखी. ठशाने ठोकलेल्या पदकाचं अक्षर कडक उभं राहतं, नखाला लागतं. कडेवर रोमन लिपीत 'ब्राँझ' आणि शेजारी शिंगाची बारीक खूण असेल, तर माल पॅरिसच्या टांकसाळीचा, १८८० नंतरचा. नांगर आणि चालता सिंह म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली स्टर्लिंग, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध चांदी. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य पदकाच्या कडेवर ते मिळालेल्याचं नाव असतं. तेही चांदी म्हणून विकतात. आहे ते तांबं-निकेल.

चांदीचा वाद घरी पाण्यात मिटतो. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी पदक कोरडं तोला, समजा २५ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला, काठाला टेकू देऊ नका. कडीच्या भोकात हवेचा बुडबुडा अडकतो, तो झटका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने २५ ला भागा, की धातूची घनता मिळते. स्टर्लिंग असेल तर काटा २.४ च्या आसपास थांबेल, भागाकार १०.३ च्या जवळ. २.९ आलं तर भागाकार साडेआठच्या वर, म्हणजे पितळ, वर मुलामा. कानस मारून, ॲसिडचा थेंब टाकून बघणारे आहेत. त्यांच्या हातात चांगली वस्तू देऊ नये.

धातू कळला की मागची बाजू वाचा. फारसी मजकूर दिसला म्हणून मोगलाई समजू नका. पुढे पंचम जॉर्ज आणि मेरी शेजारी शेजारी, मागे फारसी, व्यास साधारण साडेअडतीस मिलिमीटर: हे १९११ च्या दिल्ली दरबाराचं. त्याच स्वारीत राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले, त्याचं स्मारक म्हणजे गेटवे. कंपास आणि गुण्या कोरलेले असतील तर फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लॉजचं, म्हणजे शाखेचं. आणि राम-सीता, हनुमान, खाली 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं काही दिसलं तर सरळ खाली ठेवा. कंपनीने तसलं नाणंही पाडलं नाही, पदकही नाही. भक्तिभावाने घ्यायचं असेल तर देवाच्या दुकानातला भाव द्या.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट अजिबात नको. तो काळपट थर हीच पदकाची अब्रू. चकाकवलेलं पदक जाणकार हातात धरत नाही. धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टिपून घ्या. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, त्यांनी तांब्या-पितळेवर हिरवट चिकटा येतो.

अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायचा विचार असेल तर तारीख पुन्हा बघा. शंभर वर्षांपलीकडचं पदक १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. खासगी माणसाला ते देशाबाहेर नेताच येत नाही, आणि विमानतळावर "चोरबाजारातून घेतलं" हे उत्तर काही बरं दिसत नाही.