ओटीपी म्हणजे अंगठाच! शेताची माहिती देताना या चुका टाळा

सेवा केंद्रात गर्दी, सर्व्हर मधूनच बसलेला, आणि मागचा म्हणतोय, "आवरा की लवकर!" अशा घाईत फार्मर आयडीसाठी आलेला ओटीपी आपण मोठ्याने वाचून दाखवतो. अख्खी रांग ऐकते. कोऱ्या कागदावर अंगठा उमटवू नकोस, असं घरातली म्हातारी माणसं बजावायची. ओटीपी हा आजचा अंगठा. तो कशासाठी आलाय हे बहुतेक मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. तेवढं वाचा आणि आकडे स्वतः टाका.

काहीजण उलट टोक गाठतात, सातबाराच लपवून ठेवतात. अहो, सातबारा गुप्त नाहीच! महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकला की कुणालाही दिसतो. धोका आहे तो जुळणीत. सातबारा, आधार, पासबुक आणि मोबाइल नंबर एकाच फाइलमध्ये आले, की तुमच्या नावाने अर्ज भरायला तुमची गरज उरत नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयातला पीकविमा आला, तेव्हा दुसऱ्यांच्या, अगदी सरकारी जमिनींवरही विमा उतरवलेले बोगस अर्ज सापडले होते. म्हणून झेरॉक्सवर ती कोणत्या कामासाठी दिली ते, तारीख आणि सही आडवी टाका. आधारची मास्क्ड प्रत द्या, तीत शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता ज्या चुकीबद्दल फार कमी बोललं जातं ती. द्राक्षबागेत सेन्सर बसवला, अॅप घेतलं, फवारणीची नोंद, साखर, काढणीचा अंदाज सगळं त्यात भरलं. छान. पण तीच माहिती माल घेणाऱ्याला दिसत असेल, तर माल किती दिवस वेलीवर थांबू शकतो हे त्याला तुमच्याइतकंच कळतं. मग भाव तो ठरवणार. युरोपातल्या निर्यातीसाठी ग्रेपनेट या सरकारी प्रणालीवर बागेची नोंद करावीच लागते आणि त्यात गैर काही नाही, कारण ती कशासाठी हे ठाऊक असतं. अॅपवाल्याला मात्र पैसे भरण्याआधी विचारा: नोंदी आणखी कोण बघतं? वर्गणी थांबवली तर माझ्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का? तुमच्याकडून त्या पुसल्या जातील का? उत्तर तोंडी घेऊ नका. माणूस बदली होऊन जातो, कागद राहतो.

कायदा आहे, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता यायला हवी, आणि सूचना मराठीतही मागता येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय हा कायदा माणसाच्या माहितीचा आहे, मातीच्या नाही. नाव काढून टाकलं की ओलाव्याचे आणि उत्पादनाचे आकडे करारात लिहिलं असेल त्याचे.

आणि आपल्याच शेतकरी उत्पादक कंपनीचं काय? कान पकडून सांगतो, आम्हीही सभासदांची पूर्ण यादी खाते क्रमांकासकट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती, "नाव तपासून घ्या" म्हणून. ग्रुपमध्ये दोन दुकानदारही होते, हे नंतर लक्षात आलं. आता यादी एकाच माणसाकडे असते, ग्रुपवर फक्त नाव आणि गाव जातं. बाहेर कुणाला काही द्यायचं असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. कटकट वाटते खरी.

पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप बसवणारी) इन्स्टॉल केली असेल, तर आधी नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खात्याचे व्यवहार थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मग सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका आणि त्यावरच आधारच्या अधिकृत अॅपवरून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा, कारण पहिल्यावर येणारा ओटीपी ते अॅपही वाचत असेल. पहिला फोन रीसेट करूनच पुन्हा वापरा.