व्हिंटेज मोटार घेताना: सलून की टूरर?

मुंबईत जुनी मोटार घेणारे बहुतेक जण पावसाच्या धास्तीने उघड्या, घडी होणाऱ्या कापडी हूडच्या (छताच्या) टूररऐवजी बंद टपाच्या सलूनच्या बाजूने कौल देतात. पावसाचा विचार करायलाच हवा. मात्र गाडी चालवण्यापेक्षा ती जून ते सप्टेंबर कुठे उभी राहणार, हे आधी पाहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिचा नित्य वापर करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्याच कारणांसाठी तिला रस्त्यावर आणता येते. त्यामुळे भर पावसात टूरर हाकण्याची वेळ सहसा येणारच नाही.

आपल्याकडे बंद गॅरेज असेल, तर टूरर खुशाल घ्यावी. सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली गाडी ठेवायची असेल, तर सलून बरी, पण तिच्या टपावर आंधळा विश्वास ठेवू नये. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक सलूनच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नसे. लाकडी पट्ट्यांवर जलरोधक कापड ताणून बसवलेले असे. त्या कापडाची कड सुटली की पाणी आतल्या अस्तरात मुरते, तिथून खांबांच्या लाकडात उतरते आणि वरचा रंग चकचकीत असूनही आतला सांगाडा कुजत राहतो. यासाठी दार अर्धे उघडून खालून हलकेच उचलावे. नुसती बिजागरी खुळखुळत असेल, तर काम किरकोळ आहे. दारासोबत खांबही हलला, तर सुताराचा खर्च धरूनच किंमत बोलावी.

टूररला टपाचा आधार नसल्याने चासीचा (गाडीच्या तळाच्या चौकटीचा) पीळ दारांपाशी जाणवतो. पुढचे एक चाक जॅकवर उचलून दारे उघडून-लावून पाहावीत. ती अडकू लागली, तर सांगाडा ढिला झाला आहे, असे समजावे.

उघड्या गाडीला सहसा जास्त भाव मिळत असल्याने सलूनचा टप कापून केलेल्या ‘टूरर’ही बाजारात येतात. म्हणून जुन्या कागदपत्रांत बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे, ते वाचावे. आज सलून घेऊन पुढे ती उघडी करून घेऊ, हा बेत तर मुळीच नको. चासी किंवा बॉडीच्या सांगाड्यात बदल केलेली गाडी व्हिंटेज नोंदणीच्या व्याख्येतच बसत नाही.

घरच्या ज्येष्ठांना रॅलीत सोबत न्यायचे असेल, तर मार्चमधल्या दुपारच्या उन्हाचाही विचार व्हावा. (बंद सलूनमध्येही उकडतेच, पण निदान डोक्यावर सावली असते.)

टूररचा सौदा करण्यापूर्वी विक्रेत्याला कापडी हूड आणि बाजूचे पडदे आपल्यासमोर लावायला सांगावेत. हूड बराच काळ ओला असताना मिटून ठेवला असेल, तर घड्यांवर बुरशीचे काळे ठिपके दिसतात आणि शिवण बोटाने ताणताच उसवते. ‘हूड गादीवाल्याकडे दिला आहे’ असे उत्तर मिळाल्यास नव्या हूडची रक्कम किमतीतून वजा करावी.