ब्लूटूथ स्पीकर जोडला की लॅपटॉप हँग होतो? या चुका टाळा

गाणं सुरू असतं. आवाज एक-दोनदा तुटतो, मग थांबतो. माउसचा बाण जागचा हलत नाही आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. न सेव्ह केलेलं काम गेलं ते गेलंच. हाच लॅपटॉप वायरच्या स्पीकरवर मात्र दिवसभर सुरळीत चालतो, म्हणून सगळा राग ब्लूटूथ स्पीकरवर निघतो. माझ्या मते इथेच पहिली दिशाभूल होते, कारण आवाज आकुंचित करून तो रेडिओवरून पाठवण्याचं सगळं काम लॅपटॉप करतो. स्पीकर फक्त आलेलं ऐकवतो.

नेमकं काय अडकलं हे न बघणं

यात सर्वाधिक वेळ वाया जातो. आवाज तुटला पण खिडक्या उघड-बंद होत आहेत, तर दोष रेडिओ संपर्काचा. एकच प्रोग्रॅम अडकला, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा. कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवाही लागत-विझत नसेल, तर पूर्ण सिस्टिमच थिजली आहे आणि संशय ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा हार्डवेअरवर जातो. दिवा लागतो पण स्क्रीन गोठलेली आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेलं काम तसंच राहतं.

एक बारकावा मात्र हमखास नजरेतून सुटतो. तुमचा माउसही ब्लूटूथचाच असेल, तर रेडिओवर गर्दी झाली की बाण अडखळतो आणि लॅपटॉप हँग झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी टचपॅडवर बोट फिरवा. बाण हलला, तर लॅपटॉप ठणठणीत आहे.

पुन्हा पुन्हा पेअर करत बसणं

एकदा काढून परत जोडा, तेवढं पुरे. त्यानंतर तोच स्पीकर मोबाइलला लावा, मग लॅपटॉपला दुसरा एखादा वायरलेस हेडफोन लावा. मोबाइलवर स्पीकर नीट वाजतो आणि लॅपटॉप दुसऱ्या हेडफोनवरही थिजतो, तर स्पीकरला हात लावायची गरज नाही.

मिळेल तिथून ड्रायव्हर घेणं

बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. म्हणून एकाचाच ड्रायव्हर बदलून भागत नाही, दोन्ही बघावे लागतात. ते लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपला मॉडेल नंबर टाकूनच घ्या. आपोआप ड्रायव्हर शोधून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून लांब राहा, कारण त्यातून चुकीचा ड्रायव्हर बसला की मूळ दुखणं कुठलं आणि नवं कुठलं हेच कळेनासं होतं. विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरने (लॅपटॉपमधल्या उपकरणांची यादी) ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे’ असं सांगितलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कंपनीच्या साइटवर त्याहून नवा असू शकतो. उलट, त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधला आधीचा ड्रायव्हर परत आणणारा ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आधी वापरून बघा.

थेट विंडोज नव्याने टाकायची घाईही करू नका. विंडोज अपडेटमधून तोच सदोष ड्रायव्हर परत येऊ शकतो.

शटडाउन म्हणजे रीस्टार्ट समजणं

विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल, तर शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडखळलेला ड्रायव्हर तसाच परत येऊ शकतो. प्रत्येक बदलानंतर ‘रीस्टार्ट’च करा.

2.4 गिगाहर्ट्झवरची गर्दी विसरणं

ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतं, जुनं वाय-फायही याच पट्ट्यात. राउटरवर 5 गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप त्यावर घ्या. यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क किंवा हब सुरू असताना त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. ती उपकरणं लांब केबलने दूर ठेवा. गर्दीमुळे सहसा आवाज तुटतो, पूर्ण लॅपटॉप थिजत नाही. पण कच्चा ड्रायव्हर त्या ताणाखाली कोलमडू शकतो, म्हणून हे करून बघणं वाया जात नाही.

कॉलमध्ये स्पीकरचाच माइक वापरणं

व्हिडिओ कॉल सुरू होताच लॅपटॉप थिजत असेल, तर इथे बघा. स्पीकरचा माइक चालू झाला की ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून हँड्स-फ्री पद्धतीवर जातं, आवाज फोनसारखा होतो आणि ड्रायव्हर नेमका याच बदलाच्या क्षणी अडकू शकतो. कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. सोबत आवाज ‘सुधारणारे’ इफेक्ट बंद करून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगीही काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही, तेव्हा तो शोधत बसू नका.

नोंदी चुकीच्या वाचणं

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं की बॅटरी किंवा चार्जर बदलण्याची तयारी सुरू होते. ती नोंद फक्त एवढंच सांगते की लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता. तुम्हीच बटण दाबून बंद केलात, तर ती येणारच. बघायचं ते तिच्या आधीच्या काही मिनिटांत. तिथे ‘WHEA-Logger’च्या (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) त्रुटी दिसल्या, तर हार्डवेअरकडे वळा. विंडोजच्याच रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये हेच दिवसावार दिसतं. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय बसवलं होतं, हे तिथे लगेच सापडतं.

एका वेळी एकच बदल करा आणि मग पूर्वी जितक्या वेळात लॅपटॉप थिजायचा, त्याच्या दुप्पट वेळ गाणी चालू ठेवा. एवढं करूनही थिजत असेल, तर आतलं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल लावा. त्रास थांबला, तर दोष आतल्या कार्डाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. अनेक लॅपटॉपमध्ये ते कार्ड बदलता येतं, काहींत बोर्डावरच जोडलेलं असतं. आणि ब्लूटूथ पूर्ण बंद असतानाही लॅपटॉप थिजला, तर स्पीकरचा विषय सोडून रॅमची तपासणी करा आणि पंखा व तापमानाकडे बघा.