गल्लीतलं ऊन ऑइलमध्ये रंगवायचं तर आधी सावलीकडे बघा

खान्देशात उन्हाला काही तोटा नाही, तरी गावातली गल्ली रंगवायला घेतली की बहुतेकांचं ऊन पांढरंफटक होतं आणि सावली काळीठिक्कर. ट्यूबमधला पांढरा कितीही ओतला तरी ऊन येत नाही, ते येतं शेजारच्या सावलीमुळे, म्हणून सगळी मेहनत सावलीवर घ्या असं मी नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आधी वेळ. जळगाव साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे 25 मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, मग रंगवणार काय? उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ बसा, डोक्याला रुमाल बांधून. गल्ली उत्तर-दक्षिण जाणारी शोधा, सकाळी पूर्वेकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांची सावली रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यापर्यंत जाते आणि समोरची मातीची भिंत लख्ख उन्हात असते, म्हणजे अर्धं चित्र तिथेच मांडलेलं मिळतं.

सामान थोडंच लागतं. 10 बाय 12 इंचाचा तयार कॅनव्हास, दोन-तीन चपटे हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांचे) ब्रश, एक बारीक गोल, टर्पेंटाइन, जवसाचं तेल. रंग टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन ब्लू. काळा घेऊच नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळला की त्याहून जिवंत गडद रंग मिळतो.

बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने कॅनव्हासवर पुसून घ्या, पांढरा राहिला तर डोळा फसतो. मग डोळे बारीक करून बघा, दारं-खिडक्या विरघळतात आणि फक्त दोन आकार उरतात, उन्हाचा आणि सावलीचा. सावलीची कड पहिल्या दहा मिनिटांत आखून टाका आणि नंतर ती हलवू नका, सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्याच्यामागे धावत राहिलात तर एकाच चित्रात दिवसाच्या दोन-तीन वेगवेगळ्या वेळा दिसायला लागतात.

आता सावलीचा रंग. मागे एका गावात चुन्यात नीळ घातलेली भिंत रंगवत होतो, मागे उभी राहिलेली आजी म्हणाली, "सावली इतली निळी ऱ्हास का रे भाऊ?" म्हणजे इतकी निळी असते का. मी म्हटलं, आजी, हात आडवा धरून नुसती तेवढीच बघा. सावलीत वरून आभाळाचा निळा उतरतो, पण उन्हातल्या मातीचा उजेड खालून वर उसळतो, म्हणून पन्हाळीच्या खालची बाजू, दाराच्या चौकटीचं वरचं लाकूड सावलीत असूनही तांबूस दिसतं. तिथे अल्ट्रामरीन कमी करून बर्न्ट सिएना आणि ऑकर वाढवा. हा तांबूस पट्टा जमला की गल्ली तापलेली वाटायला लागते, माझ्या मते सगळ्या चित्रात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची.

सावली पातळ लावा, ऊन जाड. उन्हातल्या भिंतीला पांढऱ्यात ऑकर आणि चिमूटभर कॅडमियम यलो, भरलेल्या ब्रशने एकदा लावायचं आणि सोडून द्यायचं, घोटत बसलात की ऊन मातट झालंच समजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणार असाल तर वरच्या थरात तेल आधीपेक्षा जास्त हवं, उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

चित्र लवकर वाळावं म्हणून धाब्यावर उन्हात ठेवू नका, तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, घरात हवेशीर भिंतीला टेकवून ठेवा. आणि तेलाची फडकी कधीही बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं, आपल्याकडच्या उकाड्यात तर जास्तच जपायला हवं. सुटी पसरून वाळवा नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.