कॉलेजच्या लॅबसाठी अडीच मीटरचा विंड टनेल: सनपॅक, सनमायका आणि एक एक्झॉस्ट फॅन

विंड टनेल, म्हणजे मॉडेलवरून हवा सोडून तिचं बळ मोजायचा बोगदा, बांधायला घेतलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंखा केवढा घ्यायचा? पंखा मुंबईच्या लोहार चाळीत कुठेही मिळतो, त्याची चिंता सगळ्यात शेवटी करा. हवा मॉडेलपर्यंत सरळ आणि एकसारखी पोचते का, आणि मॉडेलवरचं दोन-तीन ग्रॅमांचं बळ खात्रीने मोजता येतं का, या दोन गोष्टींवर बोगदा कामाचा की प्रदर्शनापुरता हे ठरतं. सेकंदाला ८ मीटर वेगाची स्वच्छ हवा १५ मीटरच्या घुसळलेल्या हवेपेक्षा कधीही बरी.

लहान बोगद्याला कमी लेखायचं कारण नाही. राइट बंधूंचा १९०१ चा बोगदा म्हणजे ६ फूट लांब आणि आतून १६ इंच चौरस असं लाकडी खोकं होतं. त्याचे तराजू हॅकसॉची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून केले होते. त्यात त्यांनी पंखांचे दोनशेच्या आसपास आकार तपासले आणि त्या आकड्यांवर १९०३ चं विमान उभं राहिलं. कानपूरच्या आयआयटीत ३ मीटर × २.२५ मीटरचा टेस्ट सेक्शन (मॉडेल ठेवायचा भाग) आहे, पवईच्या आयआयटीतही एरोस्पेस विभागाचे बोगदे आहेत; तिथे जाण्याआधी मोजमापाची शिस्त अंगी लागायला घरचा बोगदा पुरतो.

रचना ओढणाऱ्या पद्धतीची ठेवा, म्हणजे पंखा सगळ्यात मागे. पंखा पुढे लावून हवा ढकलली तर पात्यांमुळे आलेला पीळ थेट मॉडेलवर जातो. हवेच्या वाटेने भाग असे येतात:

तोंड ५०० × ५०० मिमी, त्यात हनीकोंब (हवा सरळ करणारा समांतर नळ्यांचा थर) ४० मिमी जाड. मागे जाळीचे दोन पडदे, एकमेकांपासून ८० मिमी अंतरावर. मग २५० मिमी मोकळी पेटी. मग ६०० मिमी लांबीचं नरसाळं, ५०० चं २०० करणारं. टेस्ट सेक्शन २०० × २०० मिमी, लांबी ४००. डिफ्यूझर, म्हणजे हळूहळू रुंद होत जाणारा भाग, ९५० मिमी, २०० चा ३०० होणारा. शेवटी १२ इंची, १४०० आरपीएमचा मेटल एक्झॉस्ट फॅन.

सगळं मिळून अडीच मीटरच्या आसपास भरतं. इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावणार नाही, तेव्हा तीन तुकडे करा: तोंड ते नरसाळं, टेस्ट सेक्शन, आणि डिफ्यूझर-पंखा. जोडांवर २५ मिमीची पट्टी, मध्ये फोमची टेप, बाहेरून बोल्ट आणि विंग नट. पेट्यांसाठी १२ मिमीचा मरीन प्लाय घ्या. साधा प्लाय एका पावसाळ्यात फुगतो आणि जोड उघडे पडतात.

हनीकोंबसाठी जुन्या पुस्तकांत स्ट्रॉ सांगितलेल्या असतात. जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ जुलैच्या दमट हवेत नरम पडतात. त्याऐवजी बॅनर-बोर्डवाल्यांकडे मिळणारी ५ मिमीची सनपॅक शीट घ्या. तिच्या आत ज्या समांतर नळ्या असतात, त्याच आपल्याला हव्या आहेत. ४० मिमी रुंद आणि ५०० मिमी लांब पट्ट्या कापा, नळ्या ४० मिमीच्या दिशेने जातील अशा. एकावर एक १०० पट्ट्या रचल्या की तोंड भरतं. ८ × ४ फुटांची एक शीट पुरून थोडी उरते. नळीची लांबी तिच्या रुंदीच्या आठपट झाली, जी हवी तेवढी आहे. पाचपटीच्या खाली पीळ नीट मोडत नाही, बारापटीच्या वर नुसता दाब वाया जातो.

पट्टी कापताना दर आठ-दहा कापांनंतर कटरचं पातं मोडून नवी धार काढा. बोथट पात्याने नळ्यांची तोंडं चेपतात. कापलेली पट्टी उजेडाकडे धरून नळ्यांतून आरपार पाहा: जिथे प्रकाश दिसत नाही तिथे तोंड मिटलंय. दाभणाने उघडा किंवा पट्टी टाकून द्या. रचताना गोंद फक्त दोन्ही टोकांना एकेक थेंब. मधे लावला की तो नळ्यांत उतरतो.

पडद्यांसाठी खिडकीची फायबरग्लासची मच्छरदाणी जाळी चालते, इंचाला १८ × १६ तारांची. तिचा सुमारे ६५ टक्के भाग मोकळा असतो. याहून बारीक, घट्ट विणीची जाळी घेण्याचा मोह होतो, पण मोकळा भाग ५८ टक्क्यांच्या खाली गेला की छिद्रांतून निघालेल्या धारा एकमेकींत मिसळून पट्टे तयार होतात आणि प्रवाह सुधारण्याऐवजी बिघडतो. जाळी लाकडी चौकटीवर चारही बाजूंनी ताणून स्टेपल करा. चौकट बाहेर सरकवता आली पाहिजे, कारण शेजारी बांधकाम चालू असेल तर जाळी महिन्याभरात धुळीने भरते आणि वेग हळूहळू पडत जातो.

नरसाळ्याच्या बाजू सरळ ठेवू नका. दोन्ही टोकांना कोपरे पडून तिथे हवा भिंत सोडते. मधल्या रेषेपासून भिंतीचं अंतर असं घ्या: सुरुवातीला २५० मिमी, १५० मिमी आत गेल्यावर २३४.५, ३०० वर १७५, ४५० वर ११५.५ आणि ६०० वर १००. दोन्ही टोकांना वक्र सपाट निघतो, तो तसाच हवा. या आकाराच्या प्लायच्या फासळ्या करून त्यांवर ०.८ मिमीची सनमायका वाकवून चिकटवा, गुळगुळीत बाजू आत. सनमायका कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून बघा: वक्रावरून मोजलेली लांबी ६०० पेक्षा जास्त भरते, आणि हे विसरल्यामुळेच बहुतेकांची पहिली शीट वाया जाते.

डिफ्यूझरमध्ये घाई नको. ९५० मिमीचा ४०० केला तर हवा भिंत सोडते, पंखा धापा टाकल्यासारखा आवाज करतो आणि टेस्ट सेक्शनमधला वेग सतत वरखाली होतो. पंखा डिफ्यूझरला बोल्टने कसू नका. वेगळ्या स्टँडवर ठेवा आणि मधली ५ मिमीची फट मऊ रबराच्या पट्टीने झाका, नाहीतर मोटरची थरथर तराजूवर उतरते. पंख्याच्या अलीकडे अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावाच. सुटलेलं मॉडेल तिथेच अडकायला हवं. वेग बदलायला घरगुती रेग्युलेटरपेक्षा लॅबमधला डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) चांगला.

वेग मोजायला पिटो नळी (हवेच्या दाबावरून वेग सांगणारी बारीक नळी) विकत घ्यायची गरज नाही. मोकळ्या पेटीच्या भिंतीला एक आणि टेस्ट सेक्शनच्या भिंतीला मॉडेलच्या बऱ्याच अलीकडे एक, अशी १ मिमीची छिद्रं पाडा. आतून बोट फिरवून पाहा. जराही कंगोरा लागला तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. दोन्हींतला दाबाचा फरक मोजायचा. ८ मीटर वेगाला हा फरक ३५ पास्कल, म्हणजे जेमतेम साडेतीन मिमी पाणी. पाणी भरलेल्या उभ्या नळीत तो वाचता येत नाही, म्हणून नळी १० ला १ अशा उताराने तिरकी ठेवा: १०० मिमी लांबीला १० मिमी चढ. एका टोकाला रुंद बाटली, पाण्यात खाण्याचा रंग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे पाणी काचेला चिकटून बसत नाही. मग:

वेग (मीटर प्रति सेकंद) = १.३३ × √(तिरक्या नळीतली सरक, मिमी)

३६ मिमी सरक म्हणजे ८ मीटर. या १.३३ मध्ये हवेची घनता १.१३ (किलो प्रति घनमीटर) धरली आहे. पुस्तकातली १.२२५ ही घनता १५ अंश तापमानाच्या कोरड्या हवेची. पावसाळ्यात ३२ अंशांची दमट हवा आणि उतरलेला वायुदाब यांमुळे मुंबईत ती सुमारे ८ टक्के कमी असते. पुस्तकी आकडा वापरला तर वेग ४ टक्के कमी दिसतो. लॅमिंग्टन रोडवरून डिजिटल सेन्सर आणणार असाल तर रेंज बघून घ्या. ड्रोनसाठी मिळणारे ±२ किलोपास्कलचे सेन्सर इथे आंधळे ठरतात. १२५ किंवा ५०० पास्कलचा हवा.

मॉडेल लावण्याआधी रिकाम्या टेस्ट सेक्शनमध्ये ५० मिमी अंतराने नऊ जागी वेग तपासा (यापुरती पिटो नळी कुणाकडून मागून आणा). फरक २ टक्क्यांच्या आत हवा. एक कोपरा मंद असेल तर आधी तिथला जोड तपासा, मग जाळी. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, बोगद्याच्या पुढे-मागे किमान एक मीटर मोकळी जागा. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला तर परतलेली हवा वळून तोंडात शिरते.

आता तराजू. लिफ्टसाठी, म्हणजे वर उचलणाऱ्या बळासाठी, मॉडेल उभ्या दांडीवर बसवा. दांडी जड लोखंडी ठोकळ्यात आणि ठोकळा ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या छोट्या काट्यावर. काटा शून्य करून पंखा चालू केला की उणे येईल ती लिफ्ट. ड्रॅग, म्हणजे मागे ओढणारं बळ, आडवा असतो, म्हणून त्याला इंग्रजी एल आकाराची दांडी लागते. सायकलचा स्पोक काटकोनात वाकवा: कोपऱ्यापासून मॉडेलच्या मध्यापर्यंत १५० मिमी, कोपऱ्यापासून काट्यावर टेकणाऱ्या टोकापर्यंतही १५० मिमी. कोपरा दाढीच्या ब्लेडच्या धारेवर टेकवा. दोन्ही बाजू समान असल्याने ड्रॅग जेवढा, तेवढंच काट्यावर दिसतं.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती टेस्ट सेक्शनच्या फरशीला दांडीसाठी पाडलेल्या छिद्राशी. दांडी छिद्राच्या कडेला टेकली की काटा एका आकड्यावर गोठतो आणि तोच खरा वाटतो. चारही बाजूंनी २ मिमी फट ठेवा, पंखा चालू असताना बॅटरी मारून फट दिसते का पाहा. दुसरी अडचण दिसत नाही: ओढणाऱ्या बोगद्यात टेस्ट सेक्शनमधला दाब खोलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे त्या फटीतून बाहेरची हवा कारंज्यासारखी आत घुसते आणि मॉडेलला वर ढकलते. उपाय एकच: काट्यासकट तराजू हवाबंद पेटीत घ्या, पेटी फरशीला खालून चिकटवा, समोर अॅक्रिलिकचं झाकण.

तराजू खरा बोलतो का हे तपासायला ३० मिमी व्यासाची पातळ चकती हवेला काटकोनात लावा. चकतीचा ड्रॅग गुणांक (आकार हवेला किती अडवतो याचा आकडा) १.१७ च्या जवळ असतो आणि वेग बदलला तरी फारसा बदलत नाही. ८ मीटरला ३ ते ३.३ ग्रॅम यायला हवेत. त्याआधी नुसत्या दांडीचं वाचन घेऊन वजा करा. दांडीच अर्धा ग्रॅम खाते. चकतीला ४ ग्रॅम आले तर पंखाचे आकडे घेत बसू नका.

पंखाची रुंदी, म्हणजे कॉर्ड, ७० मिमीपेक्षा जास्त नको. मोठा पंख कोन वाढवल्यावर टेस्ट सेक्शनचा दहावा हिस्सा अडवतो आणि आकडे फुगतात. ७० मिमी कॉर्डला रेनॉल्ड्स आकडा (वेग, माप आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) ३५,००० च्या आसपास येतो. एवढ्या कमी आकड्याला नाका ००१२ (NACA 0012) सारखा पंखाच्या छेदाचा पुस्तकी आकार निराश करतो: हवा पाठीवरून लवकर सुटते, लिफ्टची रेषा सरळ येत नाही. १.५ मिमी बाल्सा किंचित वाकवून केलेला पातळ पंख इथे सरस ठरतो. जाड पंखच तपासायचा असेल तर वरच्या बाजूला पुढून दहा टक्क्यांवर शिवणाचा दोरा आडवा चिकटवा आणि दोऱ्याशिवायचे आकडेही शेजारी मांडा. तो फरक हाच एक चांगला प्रयोग आहे. प्रवाह पाहायला १५ मिमीचे रेशमी धागे लावा. उदबत्तीचा धूर सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त वेगात विरून जातो आणि तिचा चिकट थर जाळीवर बसतो.

विमानाचा कंटाळा आला तर टॉवर तपासा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३) मुंबईसाठी ४४ मीटर प्रति सेकंद हा मूळ वाऱ्याचा वेग धरतं, आणि दाटीने उभे राहणारे टॉवर एकमेकांचा वारा बदलतात. १५ × १५ × ६० मिमीचे दोन लाकडी ठोकळे शेजारी ठेवा, मधली फट १० पासून ४५ मिमीपर्यंत वाढवत न्या, फटीतल्या धाग्याची फडफड आणि एका ठोकळ्याचा ड्रॅग नोंदवा. पुढच्या बाजूला १० मिमीचे चौकोनी तुकडे ओळीने चिकटवले तर जमिनीलगतचा मंद वाराही थोडाफार येतो. ठोकळे टोकदार कडांचेच घ्या. कडेवर हवा सुटण्याची जागा ठरलेली असल्याने छोट्या मापाचे निष्कर्ष बऱ्यापैकी टिकतात. गोल टॉवरचे टिकत नाहीत, कारण हवा कुठे सुटणार हे तिथे रेनॉल्ड्स आकडा ठरवतो. अहवालात दोन फटींची तुलना लिहा, इमारतीवरचा दाब किलोन्यूटनमध्ये लिहू नका.